बीटलची डिपस्टिक, आपोआप चढणारे ऑइल आणि न बसणारा सिलिंडर सेट

तुमचा प्रश्न इतर वाचकांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. आजोबांनी १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या काही महिने आधी नवी घेतलेली फोक्सवॅगन बीटल डिचोलीच्या घरी बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती आणि यंदा तुम्ही ती पुन्हा चालू केली. जुने ऑइल काढून अडीच लिटर नवे ओतले, तरी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर, ते वरच्या खुणेच्या बरेच वर दिसते. एक मेकॅनिक म्हणतो अर्धा लिटर काढून टाका, दुसरा म्हणतो आहे तसे राहू द्या. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ऑइलचा एक थेंबही न घालता पातळी आणखी वर चढली. याच काळात इंजिन धूर देते म्हणून ‘१२०० सीसी, ७७ मि.मी.’ असे लिहिलेला पिस्टन-सिलिंडरचा सेट तुम्ही कुर्ल्याहून मागवला आणि तो केसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावर, बसतच नाही. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की, आरसी बुकातला इंजिन नंबर पन्नास लाखांच्या पुढचा आणि फक्त आकड्यांचा आहे, पण इंजिनावर ठोकलेला नंबर ‘डी’ या अक्षराने सुरू होतो. याने काही फरक पडतो का, असे तुम्ही विचारता.

सगळा फरक त्यानेच पडतो. तुमच्या तक्रारी दोन दिसत असल्या तरी दोन्हींच्या आधी एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा, तो म्हणजे या गाडीत आज कोणते इंजिन बसलेले आहे. ते ठरल्याशिवाय डिपस्टिकवरची खूण खरी मानायची की नाही हे सांगता येत नाही, कोणता सिलिंडर बसेल हे सांगता येत नाही आणि टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यात, किती गॅप ठेवायचा हेही सांगता येत नाही. गाडीचे साल, आरसी बुक आणि दुकानदाराने खोक्यावर लावलेली चिठ्ठी यांचा उपयोग आहे, पण त्यांतली एकही गोष्ट समोरच्या इंजिनाविषयी खात्रीने काही सांगत नाही. म्हापशाला माझ्या गॅरेजात जुनी गाडी आली की पहिला पाना लावण्याआधी मी केसवरचा नंबर वाचतो, आणि पुढचे बहुतेक निर्णय त्या नंबरावर आणि व्हर्नियरने घेतलेल्या मापांवर अवलंबून ठेवतो.

१९६१ हे साल बीटलच्या बाबतीत फार फसवे आहे. १९५४ पासून या गाडीत ११९२ सीसीचे, ७७ मि.मी. बोअरचे (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ६४ मि.मी. स्ट्रोकचे (पिस्टनची वर-खाली चाल) इंजिन येत होते, ज्याची ताकद जर्मन मोजणीने ३० अश्वशक्ती होती. ऑगस्ट १९६० मध्ये कारखान्याने हे इंजिन जवळजवळ मुळापासून नवे केले. बोअर तोच राहिला, स्ट्रोक तोच राहिला, त्यामुळे सीसीही तेवढेच राहिले, परंतु केस, हेड, सिलिंडर आणि क्रँक असे सगळे मुख्य भाग बदलले आणि ताकद ३४ अश्वशक्ती झाली. अमेरिकी मोजणीत हीच दोन इंजिने ३६ आणि ४० अश्वशक्तीची म्हणून ओळखली जातात, त्यामुळे विदेशी कॅटलॉगमध्ये हे आकडे दिसले तर ती आणखी निराळी इंजिने आहेत असे समजू नये. नव्या इंजिनांचे नंबर ५०,००,००१ पासून सुरू झाले. एवढ्यावर साल पाहून इंजिन ओळखता आले असते, पण ‘स्टँडर्ड’ नावाच्या साध्या मॉडेलात जुने ३० अश्वशक्तीचे इंजिन त्यानंतरही काही वर्षे येत राहिले. ऑगस्ट १९६५ पासून नंबराच्या आधी अक्षर येऊ लागले: ३४ अश्वशक्तीच्या १२०० ला डी, नव्याने आलेल्या १३०० ला एफ, आणि पुढच्या वर्षी १५०० ला एच.

आता तुमचे दोन नंबर वाचून पाहा. आरसी बुकातला नंबर पन्नास लाखांच्या पुढचा आहे, म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात नवे, ३४ अश्वशक्तीचे इंजिन होते. सध्याचा नंबर डी ने सुरू होतो, म्हणजे आत बसलेले इंजिन ऑगस्ट १९६५ नंतर बनलेले आहे आणि केव्हातरी अदलाबदल झालेली आहे. गोव्यात ही गोष्ट मुळीच दुर्मीळ नाही. मुक्तीनंतर युरोपीय गाड्यांचे सुटे भाग सहज मिळेनासे झाले, तेव्हा एका गाडीचे इंजिन दुसरीत आणि दुसरीचा डायनामो तिसरीत असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला आणि त्यामुळेच या गाड्या आजवर टिकल्या. तुमच्या बाबतीत सुदैव असे की जुने आणि सध्याचे अशी दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली आहेत. तरीही नंबरावर विसंबण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्या. ३० अश्वशक्तीच्या इंजिनात डायनामोची बैठक केसबरोबरच ओतलेली असते, तर नंतरच्या इंजिनात ती वेगळी असून केसवर नटांनी आवळलेली असते. नंबर याच बैठकीच्या खाली, केसवर असतो. रॉकेल आणि मऊ ब्रशने ती जागा साफ करावी. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्याने तेथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावला तर नंबरच पुसट होतो.

आता ऑइलकडे येऊ. या इंजिनात अडीच लिटर ऑइल लागते हे तुमचे गणित बरोबर आहे. परंतु इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही, आणि पंख्याची हवा जितकी उष्णता नेते तिच्या जोडीला बाकीचे काम हेच अडीच लिटर ऑइल करते, हे लक्षात घ्यायला हवे. त्यामुळे ‘अर्धा लिटर इकडे तिकडे’ म्हणजे एकूण ऑइलचा पाचवा भाग होतो, आणि तो काढायचा की ठेवायचा हे नुसत्या अंदाजाने ठरवू नये.

पट्टी चूक दाखवण्याची पहिली शक्यता उताराची आहे. बीटलची डिपस्टिक इंजिनाच्या मागच्या अंगाला, पुलीच्या उजवीकडे आहे. गाडीचे नाक चढाकडे असेल तर ऑइल मागे सरकते आणि पट्टी जास्त दाखवते, आणि नाक उताराकडे असेल तर कमी दाखवते. आपल्याकडे घरासमोरचे अंगण दिसायला सपाट असते, पण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्याला मुद्दाम ढाळ दिलेला असतो आणि तो डोळ्यांना जाणवत नाही. यावर सोपा उपाय असा की सकाळी एकदा पातळी पाहावी, दुसऱ्या दिवशी गाडी त्याच जागी उलट तोंड करून लावावी आणि पुन्हा पाहावी. दोन्ही वेळा पातळी सारखी आली तर जागा सपाट आहे, आणि वेगळी आली तर खरी पातळी त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

दुसरी शक्यता वेळेची आहे. इंजिन बंद केल्याबरोबर पाहिले तर बरेचसे ऑइल कूलरमध्ये, हेडमध्ये आणि पुशरॉडच्या नळ्यांत अडकलेले असते आणि पट्टी कमी दाखवते. पाच-दहा मिनिटे थांबून पाहिले तर चालते, पण नोंद ठेवून तुलना करायची असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचीच पातळी घ्यावी, असे मी सांगतो. तुमच्या बाबतीत याच मुद्द्याची एक बाजू उलट दिशेने लागू होते. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागाच्या, झाकणातला मधला बोल्ट तेवढा काढून ऑइल सोडले असेल तर आतल्या जाळीभोवती आणि कूलरमध्ये जुने ऑइल काही प्रमाणात राहतेच, आणि त्यावर पूर्ण अडीच लिटर ओतले की पातळी वर जाते. हे झाकण सहा छोट्या नटांवर असते. ते काढून जाळी धुणे हे प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी करायचे काम आहे, कारण या इंजिनाला आजच्या गाड्यांसारखा वेगळा ऑइल फिल्टर नाही आणि जी काही गाळणी आहे ती एवढी जाळीच. हे नट मात्र अगदी हलक्या हाताने, सुमारे ७ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावेत. गळती थांबावी म्हणून जोर लावला की पत्रा वाकतो, मॅग्नेशियममधले स्टड सैल होतात आणि गळती वाढते.

तिसरी शक्यता अशी की तुमची डिपस्टिक या इंजिनाची नसावी, आणि इंजिन बदललेले आहे हे कळल्यावर मला हीच शक्यता सर्वांत जास्त वाटते. आपण सिलिंडर, पिस्टन, बेअरिंग हे इंजिनाशी जुळवून घेतो, पण पट्टी ही मोजण्याची वस्तू असल्यामुळे तीसुद्धा जुळवायला लागणारा एक भाग आहे हे विसरतो. जुने इंजिन उतरवताना पट्टी हाताशी राहते आणि नव्याला लावली जाते, कधी हरवते आणि दुसऱ्याच गाडीची येते, तर कधी तिची केसमधली नळी ठोकताना थोडी खाली जाते. पट्टी चेंबरात जितकी खोल जाईल तितकी पातळी जास्त दिसेल. याचा निकाल पट्टीवर अवलंबून न राहता लावता येतो. इंजिन गरम असताना ऑइल सोडा, जाळीचे झाकणही काढा आणि रात्रभर निथळू द्या. नवे गॅस्केट लावून झाकण बसवा आणि मापाच्या भांड्याने बरोबर अडीच लिटर ओता. इंजिन दहा मिनिटे चालवा, पुन्हा रात्रभर राहू द्या, आणि सपाट जागी जिथे ऑइल येईल तिथे कानशीने बारीक खूण करा. तुमच्या इंजिनाची वरची खूण तीच समजा, कारखान्याने कोरलेली रेघ कुठेही असो. खालच्या मर्यादेसाठी त्यातून एक लिटर मोजून काढा आणि तिथे दुसरी खूण करा. मूळ पट्टीवरही दोन खुणांमधले अंतर एक लिटरहून थोडे अधिक असते, म्हणून ही मर्यादा सुरक्षित आहे. ही खूण करण्याआधी पेट्रोलचा जो मुद्दा पुढे येतो तो मात्र निकालात काढलेला असला पाहिजे.

ऑइल जास्त झाले तर बिघडते कोठे, हेही सांगायला हवे, कारण दुसऱ्या मेकॅनिकचे ‘राहू द्या’ बहुधा ‘जास्त असलेले बरे’ या समजातून आलेले आहे. पुलीच्या बाजूला या इंजिनाला रबरी सील नाही. तेथे ऑइल मागे फेकणारी एक चकती आणि पुलीच्या दांड्यावर कोरलेले उलटे आटे एवढीच व्यवस्था असते. ऑइल खुणेच्या वर गेले की क्रँक ते घुसळतो, पुलीकडून ते बाहेर उडते, ब्रीदरमधून (केसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर क्लीनरकडे जाते आणि तेथून कार्बोरेटरमार्गे जळून निळा धूर निघतो. उलट कमी ऑइलवर चोर्ला किंवा अनमोड घाट चढणे म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरवर अन्याय करणे आहे. या पिढीच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, त्या सिलिंडरच्या वाटेवर बसवलेला असल्यामुळे त्याला आधीच तापलेली हवा मिळते आणि बहुतेक वेळा तोच आधी जळतो.

आता पातळी आपोआप चढण्याचा मुद्दा घेऊ. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची बाब हीच आहे, आणि ती सुटेपर्यंत गाडी चालवू नका अशी माझी स्पष्ट सूचना आहे. ऑइल वाढत नसते, त्यात काहीतरी मिसळत असते, आणि पाण्यावर चालणारे कूलिंग नसलेल्या गाडीत ते बहुधा पेट्रोल असते. पट्टी काढून वास घ्या, ऑइलचा एक थेंब बोटांत चोळून त्याचा पातळपणा पाहा. काडी पेटवून पाहण्याचा जो जुना प्रयोग आहे तो मात्र करू नका. पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर पडदा धरत नाही, आणि चेंबरात साठलेली वाफ आग पकडू शकते.

पेट्रोल आत येण्याच्या वाटा दोन आहेत. पहिली इंजिनावरच्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या डायफ्रामची (आतल्या रबरी पडद्याची) आहे. जुना रबरी डायफ्राम फाटला की इंजिन चालू असताना पेट्रोल खाली केसमध्ये जाते. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी चालू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच डायफ्राम जातो, हे मी वारंवार पाहतो. दुसरी वाट गाडी उभी असतानाची आहे. टाकी पुढे आणि उंचावर, इंजिन मागे आणि खाली, अशी या गाडीची रचना आहे. कार्बोरेटरची नीडल, म्हणजे त्यात येणारे पेट्रोल थांबवणारी सुई, नीट बंद होत नसेल तर, विशेषतः नाक चढाकडे करून लावलेल्या गाडीत, पेट्रोल रात्रभर पंपातून आणि कार्बोरेटरमधून झिरपत मॅनिफोल्डमार्गे सिलिंडरमध्ये आणि तेथून रिंगांजवळून चेंबरात उतरते. ऑगस्ट १९६१ पूर्वीच्या बीटलला पेट्रोलचा काटा नव्हता, त्याऐवजी पायांपाशी चालू, राखीव आणि बंद असा तीन अवस्थांचा कॉक होता. तुमच्या गाडीत तो असेल तर तपासणी सोपी होते. ऑइल बदलल्यावर तीन-चार रात्री कॉक बंद ठेवून पातळी पाहा. कॉक बंद असताना ती स्थिर राहिली आणि उघडा ठेवल्यावर चढली, तर दोष नीडलचा आहे. उभ्या गाडीत काहीच फरक पडत नाही आणि इंजिन थोडा वेळ चालवल्यावरच पातळी चढते, तर दोष पंपाचा आहे. कॉक काढून टाकलेला असेल तर पंपाच्या आधी नळीत एक साधा कॉक बसवून घ्या. तो कायमचा ठेवला तरी चांगलेच.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की उभ्या इंजिनात आतून पाणी धरते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. ती दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण ऑइल बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ५,००० किलोमीटरचा हिशेब रोज चालणाऱ्या गाडीसाठी आहे. शेडमधल्या गाडीचे ऑइल मी पावसाळा संपल्यावर, किलोमीटर न पाहता, बदलतो. केवळ दमटपणामुळे तीन आठवड्यांत पातळी एवढी चढत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत मी आधी पेट्रोलच शोधेन.

कोणते ऑइल, यावर प्रत्येक मेकॅनिकचे मत वेगळे असते आणि बरेच काही इंजिनाच्या अवस्थेवर अवलंबून आहे. कारखान्याच्या जुन्या पुस्तकांत उष्ण हवामानासाठी एसएई ३० हे एकाच ग्रेडचे ऑइल सांगितलेले आहे, आणि गोव्याच्या हवेत ते वर्षभर चालते. मी सहसा साधे मिनरल २०डब्ल्यू-५० वापरतो, कारण ते कोणत्याही दुकानात मिळते. मात्र बरीच वर्षे न उघडलेल्या इंजिनात आजचे साफसफाई करणारे ऑइल घातले की साठलेला गाळ सुटतो आणि जाळीत अडकतो. म्हणून पहिले ऑइल ५०० किलोमीटरच्या आतच काढून जाळी पाहावी.

आता सिलिंडरचा सेट. मागवण्यापूर्वी तो लागणार होता का, हा प्रश्न मी आधी विचारला असता. चेंबरात जास्त आणि पातळ ऑइल असलेले इंजिन धूर देणारच. पातळी ठीक करून, नवे ऑइल घालून मग चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबल्यावर येणारा दाब, मोजा. या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच ७ ला १ असे कमी असल्याने आधुनिक गाडीचे आकडे अपेक्षू नका. चारही आकडे १०० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ आले तर पिस्टनला हात लावण्याची गरज नाही. एखादाच फार खाली असेल तर आधी व्हॉल्व्ह पाहावेत, तेही तीन नंबरचे.

सेट न बसण्याचे कारण वर आलेच आहे. ‘१२०० सीसी, ७७ मि.मी.’ हे वर्णन १९५४ ते १९६० च्या इंजिनाला लागू पडते आणि १९६० नंतरच्यालाही लागू पडते, पण त्यांचे सिलिंडर एकमेकांना लागत नाहीत. याहून पुढची गंमत म्हणजे १३०० च्या इंजिनाचा बोअरही ७७ मि.मी.च आहे, फक्त त्याचा स्ट्रोक ६९ मि.मी. आहे. म्हणजे एकाच मापाच्या नावाखाली तीन वेगवेगळे सेट बाजारात फिरतात, आणि विकणारा ‘बीटलचा आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला ३० अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाचा सेट आला असावा. परत करताना किंवा दुसरा घेताना बोअर सांगू नका. जुना सिलिंडर काढलेला असेल तर केसमध्ये शिरणाऱ्या त्याच्या कॉलरचा बाहेरचा व्यास, खालच्या बैठकीपासून वरच्या कडेपर्यंतची लांबी, आणि पिस्टनमध्ये पिनचा व्यास व पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची अशी चार मापे घेऊन पाठवा. १३०० चा सेट ‘थोडा घासून बसेल’ असे कोणी म्हटले तर त्या वाटेला जाऊ नका, कारण ६४ आणि ६९ मि.मी.च्या स्ट्रोकसाठी पिनची उंची आणि सिलिंडरची लांबी एकच धरून चालत नाही, आणि चूक झाली तर पिस्टन हेडला भिडतो किंवा कॉम्प्रेशन कुठल्या कुठे जाते.

योग्य सेट आल्यावरही तो चार भागांचा एक संच म्हणूनच बसवावा. दोन पिस्टन नवे आणि दोन जुने असा हिशेब मुंबईच्या बाजारात पैसे वाचवतो, पण पिस्टनच्या वजनातला फरक १० ग्रॅमच्या वर गेला की इंजिन थरथरते. सोनाराकडे नेऊन चारही पिस्टन तोलून घ्या, त्याला पाच मिनिटे लागतात. माथ्यावरचा बाण फ्लायव्हीलच्या दिशेला ठेवा. केस उघडण्याची वेळ आलीच तर तिचे दोन अर्धे हे कारखान्यात एकत्र बोअर केलेली जोडी असतात, त्यामुळे एक अर्धा या इंजिनाचा आणि दुसरा त्या इंजिनाचा असे कधीही करू नये. कॅमच्या गिअरवर कोरलेला ०, +१ किंवा -१ असा आकडाही पाहावा. तो दात किती शतांश मिलिमीटर बाहेर किंवा आत आहेत हे सांगतो आणि नवा कॅम त्याच आकड्याचा मिळवणे सोयीचे ठरते. ऑइल पंप घेताना त्याचे स्टड ६ मि.मी.चे आहेत की ८ मि.मी.चे, हे मोजून घ्या, कारण नंतरच्या इंजिनांचे पंप दिसायला सारखे आणि भोकांना वेगळे असतात. फ्लायव्हीलचे दातही मोजा: ६ व्होल्टच्या जुन्या व्यवस्थेत १०९ आणि १२ व्होल्टच्या नंतरच्या व्यवस्थेत १३०. कोणी मध्येच १२ व्होल्ट केलेले असेल तर स्टार्टरची करकर तेथूनच येते.

टॅपेटच्या गॅपविषयी मात्र जरा थांबून सांगतो, कारण तुमचा मेकॅनिक १९६१ चे पुस्तक समोर ठेवून काम करतो असे तुम्ही लिहिले आहे. त्या काळच्या ३४ अश्वशक्तीच्या हेडमध्ये रॉकर शाफ्ट धरणारे स्टड लांब असत, आणि त्यांच्यासाठी थंड इंजिनावर इनटेकला ०.२० व एक्झॉस्टला ०.३० मि.मी. असा गॅप दिलेला आहे. नंतर स्टड आखूड झाले आणि गॅप दोन्हींना ०.१० मि.मी. झाला. डी नंबरच्या इंजिनाला मूळचीच हेडे असतील तर त्यांना ०.१० हा आकडा लागू होतो, आणि १९६१ च्या पुस्तकाप्रमाणे गॅप ठेवला तर टॅपेट खडखडतात, व्हॉल्व्ह पुरते उघडत नाहीत आणि ताकद कमी वाटते. उलट प्रकार अधिक घातक आहे. इंजिन बदलताना जुनी लांब स्टडची हेडे यावर चढवली असतील आणि गॅप ०.१० ठेवला, तर इंजिन तापल्यावर तो संपतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीवर टेकत नाही आणि जळतो. म्हणून येथेही पुस्तकातले साल बाजूला ठेवून व्हॉल्व्हचे झाकण उघडावे आणि स्टड पाहावेत. लांब व आखूड अशी दोन हेडे शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो, त्यामुळे ज्याच्याकडे दोन्ही पडून आहेत अशा गॅरेजात एकदा नेऊन दाखवलेले बरे. पंख्याच्या आवरणावर गॅपची चिठ्ठी चिकटवलेली असते, पण आवरणही दुसऱ्या गाडीचे असू शकते.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: आधी पेट्रोलची वाट बंद करणे, मग जाळीसकट ऑइल बदलून पट्टीवर नवी खूण करणे, मग हेड ओळखून टॅपेट लावणे, मग कॉम्प्रेशन पाहणे, आणि त्यातून गरज दिसली तरच सिलिंडरकडे वळणे. हा क्रम उलटा केला तर खर्च आधी होतो आणि निदान मागाहून होते.

राहता राहिला नंबर न जुळण्याचा कागदी भाग. आरसी बुकात वेगळा इंजिन नंबर असताना गाडी विकायची, विमा उतरवायचा किंवा अपघाताचा दावा करायचा म्हटले तर अडचण येते, म्हणून इंजिन बदलाची नोंद वाहतूक खात्याकडे रीतसर करून घ्या. बुकातला जुना नंबर केसवर ठोकून देतो असे सांगणारे लोक भेटतील, पण तो गुन्हा आहे. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला वेगळ्या नोंदणीची सोय आहे, परंतु त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे, आणि अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. तुमचे सध्याचे इंजिन त्याच प्रकारचे असले तरी मूळचे नाही, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी खात्यात विचारून घ्या. आजोबांच्या वेळचे मूळ इंजिन शेडच्या कोपऱ्यात, कुठल्यातरी पोत्याखाली पडलेले आहे का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला हरकत नाही. मिळाले तर ते कितीही गंजलेले असो, भंगारवाल्याला देऊ नका, आणि त्याची डिपस्टिक जागेवर आहे का तेवढे पाहून मला कळवा. ती तेथे नसेल, तर सध्याच्या इंजिनात कोणाची पट्टी बसलेली आहे याचा अंदाज बराचसा पक्का होतो.